गिअर, सुट्टी आणि बारवीचा चढ

आमच्या घरात दोन सायकली आहेत. एक बाबांची. काळी, आडव्या दांडीची, मागे लोखंडी कॅरिअर, चेनकव्हरवरचा रंग उडालेला. १९८२ साली त्यांनी ती उल्हासनगरच्या बाजारातून सेकंडहँड घेतली. आजही ती अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली उभी असते आणि बाबा तिच्यावरून रोज दूध आणतात. दुसरी सायकल माझी. अ‍ॅल्युमिनियमची, गिअरची, चार वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेली. ती माझ्या पलंगाशेजारी असते, कारण जिन्याखाली ठेवायची माझी हिंमत होत नाही.

या दोन्ही सायकली एकाच रस्त्यावरून भरपूर फिरल्या आहेत. अंबरनाथ, बदलापूर, बारवी धरण, धरणामागचं जंगल आणि पुढे मुरबाड. मी तिथे रविवारी सकाळी फिरायला जाते. बाबा वीसेक वर्षं त्याच रस्त्यानं शुक्रवारी गावाला जायचे.

मागच्या वर्षी एका रविवारी घरी आले, आंघोळ केली आणि फोनवर राइडचा नकाशा बाबांना दाखवला. चढउताराचा आलेखही दाखवला. धरणानंतर एक उंचवटा दिसतो त्यावर बोट ठेवून बाबा म्हणाले, "हा चढ ना? ह्याच्यावर मी कधीच बसून गेलो नाही. उतरूनच न्यायचो."

"का? एवढा काही मोठा नाहीये तो," मी म्हणाले.

"तुझ्या सायकलला नाहीये. आणि येताना माझ्यामागे तांदूळ असायचा."

मी तो चढ गाणी ऐकत चढते. वर पोचले की पाणी पिते, फोटो काढते. बाबांनी तो शेकडो वेळा पायी चढला, सायकल हातात धरून. रस्ता एकच, घर एकच, मधे फक्त एका पिढीचं अंतर. मग एकासाठी जे काम होतं ते दुसरीसाठी फिरणं कसं झालं? हा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचायला लागले. वाचता वाचता फ्रान्समधल्या एका डोंगरात पोचले, तिथून परळच्या गिरण्यांत आणि शेवटी पुन्हा बारवीला.

पाइप ओढत पुढे गेलेला माणूस

फ्रान्सच्या मध्य-दक्षिण भागात सेंत-एतियेन नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकात ते कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फितींसाठी प्रसिद्ध होतं. पुढे फ्रान्सच्या सायकल उद्योगाचंही ते मोठं केंद्र झालं. शहराला लागूनच पिला नावाचे डोंगर आहेत, सूचिपर्णी झाडांनी भरलेले. म्हणजे धुराडी संपली की लगेच रान. अंबरनाथ-बदलापूरला राहणाऱ्याला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडेही ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, काडेपेटीचा कारखाना होता, केमिकलच्या कंपन्या आहेत आणि अर्ध्या तासावर साग आणि पळस.

या सेंत-एतियेनमध्ये पॉल द विव्ही नावाचा एक रेशमाचा व्यापारी होता. जन्म १८५३ चा. तिशीच्या सुमारास त्याला सायकलचं वेड लागलं आणि १८८७ मध्ये त्यानं रेशमाचा धंदा सोडून सायकलचं दुकान काढलं. सोबत सायकलवरचं एक मासिकही सुरू केलं. त्यात तो 'वेलोसियो' या नावानं लिहायचा आणि पुढे सगळे त्याला याच नावानं ओळखू लागले.

त्याच्याबद्दल सायकलवाल्यांच्या जगात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १८८९ च्या सुमारास तो शहराजवळची एक खिंड चढत होता. तिचं नाव कोल द ला रेप्युब्लिक, उंची ११६१ मीटर. तिचं दुसरं नाव आहे ग्रां ब्वा, म्हणजे मोठं रान. वेलोसियो घामाघूम होऊन पायडल मारत असताना त्याच्याच मासिकाचा एक तरुण वाचक मागून आला आणि पाइप ओढत आरामात पुढे निघून गेला. वेलोसियोला ते लागलं. त्याचं वय पस्तिशीच्या पुढचं. आणखी जोर लावला असता तर कदाचित त्यानं त्या पोराला गाठलंही असतं. पण त्यानं वेगळा विचार केला. त्या सायकलचा एकच गिअर होता. सपाटीवर वेग मिळावा म्हणून तो जड ठेवला तर चढावर जीव जातो आणि चढासाठी हलका ठेवला तर सपाटीवर पाय नुसतेच गरगरतात. मग एकाच सायकलला दोन गिअर का नसावेत?

त्यानं पुढे वेगवेगळ्या आकाराची दोन चेनव्हील बसवली. चढ आला की थांबायचं, उतरायचं, चेन हातानं उचलून दुसऱ्या चेनव्हीलवर टाकायची आणि पुन्हा बसायचं. आज आपण अंगठ्यानं टक्क करून जे करतो त्याची ही सुरुवात. नंतरची कितीतरी वर्षं तो आणि त्या भागातले कारागीर यावर काम करत राहिले. आपोआप चेन सरकवणारा डिरेल्युअर लोकांपर्यंत पोचवण्यात वेलोसियोचा वाटा मोठा आहे.

गिअरनं नेमकं काय होतं हे मला बाबांच्या सायकलचे दात मोजल्यावर कळलं. पुढे ४४ दात, मागे १८. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे छान. पण चढावर तो एक फेरा मारायला सायकल, माणूस आणि तांदूळ साडेपाच मीटर वर ढकलायला लागतात. माझ्या सायकलला सगळ्यात हलका गिअर लावला तर पुढे ३० आणि मागे ३४ दात असतात. एका फेऱ्यात सायकल जेमतेम दोन मीटर सरकते. मेहनत तेवढीच, पण छोट्या छोट्या हप्त्यांत. माझ्या सायकलच्या पैशांसारखी.

म्हाताऱ्यांचं खेळणं

आता वाटतं की असा शोध लागल्यावर सगळ्यांनी उड्या मारल्या असतील. तसं झालं नाही. शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे लबाडी वाटायची. पायात ताकद असेल तो चढेल, नसेल त्यानं चढू नये, असा तो विचार होता.

१९०२ साली तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेनं सुमारे २४० किलोमीटरच्या डोंगराळ वाटेवर एक चाचणी घेतली. एका बाजूला एदुआर फिशर हा पुरुष सायकलपटू, एक गिअरच्या सायकलवर. दुसऱ्या बाजूला मार्त हेस ही बाई, वेलोसियोच्या दुकानाच्या तीन गिअरच्या सायकलवर. हेसनं संपूर्ण वाटेवर एकदाही पाय जमिनीला लावला नाही आणि जिंकलीसुद्धा. यावर आंरी देग्रांज या क्रीडा संपादकानं लिहिलं की गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी ठीक आहेत, बाकीच्यांनी स्नायूंच्या जोरावरच जिंकावं. हाच देग्रांज पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, टूर द फ्रान्स सुरू करणार होता. गंमत म्हणजे त्या पहिल्या टूरच्या वाटेवर वेलोसियोची ती खिंडसुद्धा होती. टूरमध्ये डिरेल्युअर वापरायची परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. वेलोसियो तोवर गेला होता. १९३० साली सेंत-एतियेनमध्येच ट्रामची धडक बसून त्याचा मृत्यू झाला.

पण वेलोसियोला शर्यतीत रस नव्हताच. त्याला लांब जायचं होतं, डोंगरातल्या गावांतून, जंगलातून, खात-पीत, बघत. सायकलवरून असं फिरण्यासाठी फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, सिक्लोतूरिझ्म, तो रुजवण्याचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. शर्यतीतल्या माणसाला घाट हा प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्याची जागा वाटतो. वेलोसियोला तो बघण्याची जागा करायची होती, आणि ते शक्य केलं गिअरनं. चढ चढताना मान वर करून झाडं बघता यायची असतील तर श्वास शिल्लक राहावा लागतो.

इथपर्यंत वाचून मला वाटलं की उत्तर सापडलं. बाबांच्या सायकलला गिअर नव्हता, माझ्या आहे. संपलं. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "गिअर असता तरी शुक्रवारीच गेलो असतो ना. आणि येताना तांदूळच आणला असता."

म्हणजे आणखी काहीतरी हवं होतं.

रविवार कुणी दिला?

ज्या काळात वेलोसियो त्या खिंडीत घामाघूम होत होता, त्याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सुट्टीसाठी भांडत होते.

लोखंडे सत्यशोधक समाजाचे, जोतीराव फुल्यांचे सहकारी. 'दीनबंधु' या पत्राचे संपादक. स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. तेव्हा गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. कधी यंत्रं साफ करायला गिरणी बंद राहिली तर तेवढंच. लोखंड्यांची एक मुख्य मागणी होती आठवड्यातून एक दिवस सुट्टी, रविवारी. रविवार खंडोबाचा वारही आहे.

एप्रिल १८९० मध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि दोन कामगार बायकाही तिथे बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या, १८९१ च्या, कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

मी तारखा शेजारी शेजारी मांडल्या. १८८९, सेंत-एतियेन. १८९०, मुंबई. एकीकडे एक दुकानदार चढ सोपा करत होता, दुसरीकडे एक संपादक दिवस मोकळा करत होता. त्यांना एकमेकांची खबर असायचं काही कारण नाही. पण रविवारी सकाळी मी बारवीच्या चढावर असते तेव्हा दोघांनी मिळवलेलं वापरत असते.

फ्रान्समध्ये या दोन गोष्टी एकत्र यायला १९३६ उजाडावं लागलं. त्या वर्षी पॉप्युलर फ्रंटचं सरकार आलं, देशभर संप झाले आणि जूनमध्ये कायदा झाला. आठवड्याला ४० तास काम आणि वर्षाला दोन आठवडे भरपगारी सुट्टी. त्या उन्हाळ्यात ज्या लोकांनी कधी समुद्र बघितला नव्हता ते समुद्राकडे निघाले. रेल्वेनं सवलतीची तिकिटं काढली. आणि ज्यांना तेही परवडत नव्हतं ते सायकलवर निघाले. नवराबायको दोघांच्या टँडम सायकलवर, मागे तंबू, वाटेत स्वस्तातली युवक वसतिगृहं. कामगारांच्या सुट्टीची ओळख म्हणून फ्रान्समध्ये आजही टँडमवरच्या जोडप्यांचे ते फोटो छापले जातात. त्याच्या पुढच्याच वर्षी टूरमध्ये डिरेल्युअरला परवानगी मिळाली. हा योगायोग, पण मला आवडलेला योगायोग.

आमच्याकडचा शुक्रवार

आता आपल्या गावात येऊ.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प. सैनिकांच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. त्याच वर्षी १ एप्रिलला देशात नवा कारखाना कायदा लागू झाला होता, १९४८ चा. आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम, एक दिवस सुट्टी आणि वर्षात २४० दिवस काम केलं की दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कारखाने वाढत गेले, एमआयडीसी आली. मुरबाड, शहापूर, कर्जतच्या गावांतून आणि थेट घाटावरून लोक कामाला आले. आमचे बाबा त्यांच्यातलेच.

म्हणजे कायद्यानं बाबांना सुट्टीही होती आणि रजाही. पण ती सुट्टी रविवारी नव्हती. एमआयडीसीत विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या वारी सुट्टी असते. पुण्याकडे अनेक कारखान्यांना गुरुवार, आमच्याकडे शुक्रवार. माझी शाळा रविवारी बंद. आईची सुट्टी कुठल्याच वारी नाही. लहानपणी मला वाटायचं की प्रत्येक घरात प्रत्येकाचा वेगळा रविवार असतो. बाबा घरी असायचे तेव्हा मी शाळेत आणि मी घरी असायचे तेव्हा बाबा ड्युटीवर. आम्ही तिघं मिळून कुठे फिरायला गेल्याचं मला आठवतंय ते फक्त गणपतीत आणि होळीला, तेही गावालाच.

शुक्रवारी बाबा काय करायचे? गुरुवारी रात्रपाळी असली तर सकाळी सातला सुटायचे, घरी येऊन चहा-भाकरी खायचे, दोन तास पडायचे आणि सायकल काढायचे. गाव मुरबाड तालुक्यात, अंबरनाथहून पस्तीसेक किलोमीटर. एसटीची वेळ आणि शिफ्टची वेळ काही जमायची नाही. गावी पोचलं की शेतावरची कामं. संध्याकाळी कॅरिअरला अर्धी गोणी तांदूळ, वर भाजी किंवा आंबे, ट्यूबच्या रबरानं आवळून बांधायचं आणि उजेड असेपर्यंत बारवीचं जंगल ओलांडायचं. शनिवारी पहिली पाळी.

आणि रजा? जुलैत लावणीला, दिवाळीच्या आसपास भातकापणीला. एकदा माझ्या जन्माला. एकदा आजीच्या दवाखान्याला. लोखंड्यांनी मिळवलेला दिवस आमच्या घरात आला खरा, पण येताना दुसरं काम घेऊन आला.

मी विचारलं, "बाबा, वाटेत कधी थांबायचात की नाही? धरण बघायला वगैरे?"

"थांबायचो की. पंक्चर झाली की."

ओझ्याचे रस्ते

खरं तर आपल्याकडच्या घाटवाटा ओझ्याच्याच आहेत. मुरबाडच्या पुढे वैशाखरे गाव लागतं, तिथून नाणेघाट चढतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा तो या वाटेनं, दोन हजार वर्षांपूर्वी. घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि नाण्यांचे आकडे आहेत. वर दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. म्हणजे त्या खिंडीत थांबणारा माणूस दृश्य बघायला थांबत नव्हता, पैसे द्यायला थांबत होता. बदलापूरच्या नावाचीही अशीच गोष्ट सांगतात, की इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर. थकलेला घोडा सोडायचा आणि ताजा घ्यायचा. चढाला हलका गिअर लावण्याची ही जुनी पद्धत म्हणायची.

मग सायकल आली तीही ओझ्यासाठीच. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, आसनसोल, लुधियाना इथल्या कारखान्यांनी लाखोंनी काळ्या सायकली बनवल्या. इंग्लंडच्या रोडस्टरचा नमुना, जड, भक्कम, एक गिअर. दूधवाला, पाववाला, पोस्टमन, पाळीचा कामगार, सगळ्यांची हीच. उल्हासनगरच्या गल्ल्यांत अजूनही कॅरिअरवर जीन्सचे गठ्ठे लादलेली अशी सायकल दिसते. ती बिघडली तर कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होते. गिअर नसण्याचा हाही एक फायदा होता.

सायकलवरून निव्वळ जग बघायला निघालेले लोक आपल्याकडे नव्हते असं नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर निघाले. त्यातल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि मार्च १९२८ मध्ये ते परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर. शर्यतीही होत्या. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळायचा आणि वर्तमानपत्रात फोटो यायचा. बाबांना तो किताब माहीत आहे. "आम्ही घाटाचे हमाल," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

ब्रेव्हेची पोरं

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे बदललं. आमच्या पट्ट्यातली माझ्या वयाची किती तरी मुलं-मुली आता गिअरच्या सायकली घेऊन रविवारी पहाटे बाहेर पडतात. कोंडेश्वर, बारवी, मुरबाड, दम असेल त्यांचा माळशेज. त्यातले काही 'ब्रेव्हे' करतात. हा शब्दही फ्रेंच, पद्धतही फ्रान्सची. यात नंबर काढत नाहीत, फक्त वेळेत पोचायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. हे सगळे टप्पे पार केले तर दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला जाता येतं. १२०० किलोमीटर, ९० तास, ब्रिटनीच्या चढउतारांतून, जंगलांतून, रात्रीच्या गावांतून. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली, आता ती फिरणाऱ्यांची आहे. भारतातूनही लोक जातात.

मी एकच ब्रेव्हे केली आहे, २०० ची. शेवटच्या तासात रडले होते. पण ती शनिवारी होती आणि माझ्या ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी असते, म्हणून ती करता आली. माझ्या बिल्डिंगमधला एक मुलगा माझ्यापेक्षा कितीतरी चांगला सायकल चालवतो. तो घरपोच सामान पोचवण्याचं काम करतो. त्याला रविवारीच जास्त ऑर्डर असतात. तो अजून बारवीच्या पुढे गेलेला नाही. गिअर त्याच्याकडे आहे. बाबांना निदान शुक्रवार होता, याला कुठलाच वार नाही. लोखंडे असते तर त्यांनी यांची सभा कुठे भरवली असती, हा विचार मी हल्ली करते.

एका शुक्रवारी

या जानेवारीत मी शुक्रवारची रजा टाकली. मैत्रिणीची गिअरची सायकल आणली आणि बाबांना म्हटलं, "चला, धरणापर्यंत." बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत. आधी नाही म्हणाले, मग सीट खाली करून मागितली. आईनं डबा भरून दिला आणि म्हणाली, "रविवार असो की शुक्रवार, डबा मीच भरायचा." मी काही बोलले नाही. पुढच्या वेळी डबा मी भरणार आहे.

शिवमंदिराशी थांबून निघालो. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं हे देऊळ. बाबांनी बाहेरूनच हात जोडले. बदलापूरपर्यंत ट्रकांची गर्दी होती. बाबा गिअरचं बटण सारखं उलटं दाबत होते, चेन कटकट वाजत होती. मुळगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला, साग दिसायला लागले आणि त्यांना गिअर जमला. धरणापाशी डबा खाल्ला. बाबा पाण्याकडे बोट दाखवून सांगत होते, धरणाची उंची वाढवल्यावर कुठलं पाड्याचं रान खाली गेलं ते. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच इथे पंक्चर नसताना थांबले होते.

मग ते स्वतःच म्हणाले, "तो चढ बघू."

मी मागे राहिले. बाबांनी सगळ्यात हलका गिअर लावला. पाय भरभर फिरत होते, सायकल हळूहळू वर चालली होती. अर्ध्यावर एक वळण आहे, तिथे पळसाचं मोठं झाड आहे. त्या झाडाशी बाबांनी ब्रेक दाबला आणि ते उतरले.

मी घाबरून पुढे गेले. "काय झालं? दम लागला?"

बाबा सायकल धरून उभे होते. त्यांना फारसा दम लागला नव्हता. ते झाडाकडे बघत म्हणाले, "अगं नाही. इथंच उतरायचो. पाय आपोआप खाली आला."

मीही उतरले. दोन्ही सायकली हातात धरून आम्ही उरलेला चढ पायी चढलो. बाबा सांगत होते, गोणी कशी बांधायची म्हणजे चढावर ती मागे ओढत नाही. वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून रस्ता पाहिला आणि विचारलं, "पुढच्या शुक्रवारी मिळेल का तुला रजा?"